गुड्डीची आई काहून बोलत नाही

१ जून, रविवार

आजही तिने लसूणच सोलला. बाराला माझ्या कॉमिकचा भाग टाकला आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत पहिली तक्रार आली – ‘फिर लहसुन?’ त्याखाली कोणीतरी नुसत्या लसणाच्या गड्ड्या टाकल्या, ओळभर.

मोबाइल पिठाच्या डब्याआड ठेवून पोळ्या लाटल्या. दर पोळीला हात पुसून एकदा बघत होते. दोन करपल्या. ह्यांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. हे बोलले तर कॉलनीत पेढे वाटावे लागतील.

वाचणाऱ्यांचं चुकत नाही. ‘गुड्डी की खिड़की’ सुरू केली तेव्हा भराभर चालली होती. गुड्डी पतंग काढायला छतावर चढते, गुड्डी परीक्षा देते, लांबच्या चित्रकलेच्या कॉलेजात गुड्डीचं नाव लागतं. तिचे वडील दुबेजी टेबलावर मूठ आपटतात. मग ती आईकडे वळून विचारते – ‘तुम क्या कहती हो, माँ?’ तो भाग मार्चातला. तेव्हापासून आई स्वयंपाकघरात आहे. लसूण सोलते, डबे पुसते, पापड वाळत घालते. उत्तर देत नाही.

कारण तिचं उत्तर मलाच माहीत नाही. आणि हे सांगू कोणाला? ही गोष्ट मी काढते हे या घरात कोणाला ठाऊक नाही, घराबाहेर तर नाहीच. तिथे माझं नाव ‘खिड़कीवाली’. बस.

३ जून, मंगळवार

जेवताना प्रणोती तणतणली. मी भाजी वाढत होते.

“आई, तुला सांगू? वो माँ है ना, गुड्डीची – इतकी बोअर बाई मी कुठे पाहिली नाही. काहून बोलत नाही ती? मुलगी समोर उभी आहे ना!”

“कोणाची मुलगी?” मी म्हटलं. किती भोळी मी.

“अगं, ते कॉमिक. मोबाइलवर येते. सब पढ़ते हैं.”

“असेल काही कारण,” मी म्हटलं, आणि तिच्या ताटात नको तितकी भाजी पडली.

माझी पोरगी माझीच वाचक, आणि सगळ्यांत तिखट. तिथे तिचं नाव ‘नीमपत्ती’. तिच्या फोनवर एकदा दिसलं तेव्हापासून मला माहीत आहे. सगळे अभिप्राय मी नंतर वाचते, तिचा आधी. घरी ही मला धड दोन वाक्यं बोलत नाही – मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र अर्धं हिंदीत आणि अर्धं खांदे उडवून. तिथे मात्र लांबच लांब लिहिते. मुलगी काय विचार करते ते मला तिथे कळतं. हे चोरून ऐकणंच झालं, मान्य आहे. पण सोडवत नाही.

५ जून

काढून ठेवलेले भाग संपले. आधी दोन-तीन नेहमी हाताशी असायचे. आता या रविवारचं या आठवड्यातच. दुपारी घर रिकामं झालं की शिलाई मशीनच्या खणातून टॅब काढायचा, ब्लाउजपिसांखालून. लॉकडाऊनमध्ये प्रणोतीच्या शाळेसाठी घेतलेला. तिने टाकून दिला, मी उचलला.

आज तासभर कोऱ्या पडद्याकडे बघत बसले. मग एक लसूण काढला.

८ जून, रविवार

लसूण नाही टाकला. म्हटलं, थोडं पुढे सरकवू. दुबेजी जेवायला बसतात, आई वाढते, गुड्डी दारात उभी. ताट मी वरून दाखवलं, अख्ख्या पानभर. भाताची मूद, तिच्यावर वरण, वाफ. मला स्वतःला फार आवडलं ते ताट. पुष्कळ दिवसांनी हात चालला.

९ जून, सोमवार

मेले मी.

‘पनागरवाला’ म्हणून एकजण आहे, शहराबाहेरच्या पनागरचा, कायम चुका काढणारा. त्याने माझ्या ताटाचं चित्र मोठं करून टाकलंय. वर मधोमध चिमूटभर मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि वाटी. खाली त्याने लिहिलंय – ‘भैया, ये किस दुबे के घर ऐसी थाली लगती है? हमारी कॉलोनी में एक मराठी परिवार था, वहाँ नमक-नींबू की जगह तय रहती थी. ये दुबेजी नहीं, देशपांडे हैं.’

आणि पुढे – लिहिणारी बाई मराठी आहे, आणि जबलपूरचीच, कारण मागे एका भागात इथला नर्मदेचा घाट दिसला होता.

इतके दिवस मी जपून होते. साडी सरळ पल्ल्याची काढली, देवघर हिंदी घरांतल्यासारखं, दारावरचं शुभ-लाभसुद्धा. आणि ताट काढताना हात आपला आपणच चालला. लग्न होऊन आले तेव्हा मी लिंबू उजवीकडे वाढलं म्हणून सासूबाईंनी ताट परत करायला लावलं होतं मला. वीस वर्षं तेच वाढतेय. डोळे मिटून काढलं तरी मीठ वरच पडणार. दुबेबाईंच्या घरी हे असं नसतं, हे डोक्यात आलंच नाही!

या शहरात अशी मराठी घरं किती? आमच्या कॉलनीतच पाच-सहा. कोणी जरा विचार केला तर – चित्रं काढणारी कोण? गणपतीत मंडपाची रांगोळी कोण काढतं? राजश्री वहिनी. झालं. मग दुबेजी कोण हे विचारायला कोणी पंचांग बघणार नाही. कारखान्यात ह्यांच्या तोंडावर हसतील लोक – टेबलावर मूठ आपटणारा, बायकोला न मोजणारा माणूस. ह्यांनी काय बिघडवलंय कोणाचं.

रात्री जेवण गेलं नाही.

१० जून

नीमपत्तीने उत्तर दिलं पनागरवाल्याला. ‘पड़ोस में मराठी आंटी होंगी, उनसे सीखा होगा. थाली छोड़ो, कहानी पे बात करो.’ तिला साठ-सत्तर जणांनी दुजोरा दिला आणि विषय बंद.

माझी वेडी पोर. कोणाला वाचवतेय हे तिला ठाऊकही नाही. सकाळी तिला तूप जास्त घातलं पोळीवर. “काय झालं?” म्हणाली. काही नाही म्हटलं.

११ जून

डोक्यात तेच घोळत होतं, तर ह्यांच्या ताटात लिंबू उजवीकडे वाढलं गेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. लिंबू उचलून डावीकडे ठेवलं आणि जेवले.

१५ जून, रविवार

नव्या भागात दुबेजींचं ताट पुन्हा येतं. मीठ काढून टाकलं, लिंबू उजवीकडे, सगळं हवं तसं विसकटलेलं. सुरक्षित. काढताना मात्र दुसऱ्याच कोणाच्या घरात भांडी घासतेय असं वाटत होतं.

तेही पकडलं त्यांनी! ‘लेखिका डर गई.’ त्यावरून दोन तास वाद. मग गाडी पुन्हा मूळ मुद्द्यावर – गोष्ट इतकी हळू का? आता तीन तट पडलेत. एक म्हणतो, लिहिणारीला पुढचं सुचत नाही, पापड वाळवून वेळ काढतेय. दुसरा म्हणतो, आईच नेभळट, तिला गोष्टीतून घालवा, दुबेजींशी गुड्डीलाच भिडू द्या. तिसरा तट छोटा. ते म्हणतात, गुड्डी विसरा, ही आईचीच गोष्ट आहे, ती गप्प आहे हेच बघण्यासारखं आहे.

मला तिसरे आवडायला हवेत. पण पहिले खरं बोलतात.

१८ जून, बुधवार

यादी लागली. पुण्याच्या डिझाईन कॉलेजात प्रणोतीचं नाव आहे.

मी ओट्याशी होते. ती धावत आली, मोबाइल पुढे केला, तिच्या हाताला घाम होता. मी तिचा पापा घेतला, साखर दिली. कॉमिकात हे मी मार्चातच लिहिलं होतं. हिने हिवाळ्यात परीक्षा दिली तेव्हा नुसती भीती म्हणून मनात आलं, ते गुड्डीवर ढकललं. वाटलं, कागदावर झालं की घरात होणार नाही.

संध्याकाळी हे आले. तिने सांगितलं. हे म्हणाले, “अच्छा.” मग बूट काढले. मग म्हणाले, “आईला विचार, काय म्हणते.”

म्हणजे नाहीच. सरळ नाही म्हणायचं नसलं की पुरुष असंच म्हणतात, ओझं बाईवर टाकून मोकळे. प्रणोती माझ्याकडे वळली. मी म्हटलं, “बघू. आधी जेवून घ्या.”

२२ जून, रविवार

एकच चौकट टाकली आज. खिडकी, बाहेर दोरीवर ओली चादर. बस. अजून काही निघेना.

धो धो शिव्या. पनागरवाला लिहितो – ‘इतने दिन में तो मैं पैदल पनागर से आके लौट जाता.’ बरेच जण सोडून चालले. नीमपत्ती काहीच बोलली नाही. ती बोलली नाही की मला जास्त धास्ती वाटते.

२४ जून, मंगळवार

मंगळसूत्र गाठवायला सराफ्यात गेले. पटव्याकडे गर्दी, बाकावर बसवलं त्याने. शेजारी दोन मुली, पैंजणांसाठी आलेल्या, एकाच मोबाइलवर डोकी जोडून. गुड्डीच! माझीच चादर.

जाड चष्म्यावाली म्हणाली, “देख, मुझे तो लगता है ये कोई आदमी लिखता है.”

“क्यों?”

“औरत होती तो अब तक माँ से बुलवा देती. माँ को पता होता है क्या बोलना है. आदमी को नहीं पता, इसलिए लहसुन छिलवा रहा है.”

दुसरी हसली. सांगावंसं वाटलं – पोरी, आईलासुद्धा माहीत नसतं. पटवा म्हणाला, “बहनजी, काले मोती कम पड़ रहे हैं, डाल दूँ?” मी नुसती मान हलवली. परत येताना ओमतीच्या चौकात चुकीच्या रिक्षात बसले, भलतीकडे गेले.

२९ जून, रविवार

आज आई डबा पुसते. नेहमीच्या तक्रारी आल्या. आणि संध्याकाळी नीमपत्तीने लिहिलं. ते उतरवून घेते, उद्या तिने पुसलं तर –

‘सब गलत पढ़ रहे हो. माँ दुबेजी से नहीं डरती. ध्यान से देखो, दुबेजी ने एक बार मुट्ठी मारी, उसके बाद कुछ बोले ही नहीं. माँ को डर है कि गुड्डी चली गई तो वो इस रसोई में अकेली रह जाएगी. इसलिए जवाब नहीं दे रही. वो ना भी नहीं बोल सकती, हाँ भी नहीं.’

मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. पाणी वाया गेलं बादलीभर.

१ जुलै

खरं आहे. इथे तरी लिहिते.

मी ह्यांना नाही भीत. कधीच भ्याले नाही. मला ती जायला नको आहे. तिचं काय होईल, पुणं कसं असेल, मुलींचं वसतिगृह – हे सगळं मी शेजारणींना सांगायला. मला ती घरात हवी. खांदे उडवणारी का होईना, हवी. ती गेली की या चार खोल्यांत मी आणि हे, आणि ह्यांचे दिवसाचे तीन शब्द. चहा, बरं, चलो. कोणाच्या जेवणाकडे बघत बसू मी? कोणाचं चोरून वाचू?

कसली आई मी. मुलीचं नाव लागलं आणि मी स्वतःचाच विचार करतेय.

४ जुलै, शुक्रवार

प्रणोती म्हणाली, जागा पक्की करायची शेवटची तारीख पुढचा शुक्रवार. हे वर्तमानपत्रामागून “हं” म्हणाले.

मग ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. “आई, तू काय म्हणते?”

तेच शब्द. गुड्डीचे. माझ्याच हाताने लिहिलेले, मराठीत होऊन माझ्यापुढे उभे. तिचा चेहरासुद्धा मी काढला होता तसाच – हनुवटी वर, डोळे खाली.

मी तिला विचारलं, अजून भात हवा का.

६ जुलै, रविवार

भाग टाकला नाही. पहिल्यांदाच. ‘तबीयत ठीक नहीं’ एवढंच लिहिलं. मला वाटलं होतं फाडून खातील. तर लोक विचारताहेत, डॉक्टरकडे गेलात का, पाणी उकळून प्या. पनागरवाल्यानेसुद्धा ‘आराम करो दीदी’ म्हटलं. यानेच जास्त कसंतरी झालं.

८ जुलै, मंगळवार

ह्यांनी आज सुट्टी टाकली. ओमतीत काम आहे, प्रणोतीलाही नेतो म्हणाले. दोघं गेली. घर रिकामं. टॅब काढला.

आधी दुबेजींना ओरडायला लावलं. ‘ये लड़की कहीं नहीं जाएगी!’ पुसलं. पुन्हा काढलं. जमेना. ह्यांना ओरडताना आठवून बघितलं, चेहरा मिळावा म्हणून. आठवेना. लग्नाला वीस वर्षं झाली आणि हा माणूस एकदाही ओरडलेला मला आठवत नाही. मग दुबेजींचा तोंडवळा मी आणला कुठून? जाड भुवया, खाली ओढलेले ओठ... माझे बाबा. नागपूरच्या चित्रकलेच्या शाळेत माझं नाव लागल्याचा कागद त्यांनी चुलीत घातला होता. आई शेजारी उभी होती, काही बोलली नाही.

मी उगाच ह्यांच्या खुर्चीवर बाबांना बसवलं.

दुबेजींना चौकटीबाहेरच काढलं. फक्त आई आणि गुड्डी उरल्या.

१० जुलै, गुरुवार

भाग तयार आहे. आई बोलते त्यात. टाकू का आज? आजवर रविवारशिवाय टाकला नाही. आणि कॉमिकात बोलून काय उपयोग, घरात बोलायला हवं. उद्या शेवटचा दिवस. सकाळी चहाच्या वेळी सरळ सांगायचं – जा, प्रणोती. दोनच शब्द. आरशापुढे म्हणून बघितले. आवाज निघाला.

११ जुलै, शुक्रवार

चहा झाला. नाश्ता झाला. हे कारखान्यात गेले. प्रणोती केस धुऊन छतावर बसली. दोनदा जिना चढले, दोनदा वाळत घातलेले कपडे घेऊन खाली आले, ओलेच.

तिने आज काही विचारलं नाही. आठवणही करून दिली नाही. दिवे लागले. दिवस गेला.

दोन शब्द नाही बोलता आले मला.

१२ जुलै

प्रणोती गुणगुणत होती. तुटलेली माणसं अशीच गुणगुणतात का? ह्यांनी मला विचारलं, “बरं नाही का?” मी मान हलवली. तिच्याकडे बघवत नाही.

१३ जुलै, रविवार

टाकला भाग. आता लपून कोणाला वाचवायचं.

आई ताट वाढते. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी – जसं माझ्या हाताला येतं तसं. ताट गुड्डीपुढे ठेवते. आणि बोलते. हिंदीत लिहून बघितलं होतं, ते खोटं वाटत होतं, म्हणून मराठीतच बोलू दिलं तिला –

‘तुझे बाबा नाही, मीच अडले होते. मला एकटीला भीती वाटते. ती माझी मी बघेन. तू जा.’

अभिप्रायांचा पाऊस. ‘माँ मराठी क्यों बोल रही है?’ कोणीतरी खाली हिंदीत अर्थ लिहून दिला. पनागरवाला – ‘बोला था ना, देशपांडे.’ आणि खाली – ‘दीदी, देर से बोली, पर बोली.’

उशिरा. दोन दिवस उशिरा. गुड्डीचं कॉलेज मी हवं तेव्हा उघडं ठेवू शकते. माझ्या पोरीचं नाही. सारखा मोबाइल बघतेय. नीमपत्तीचं अक्षर नाही. वरच्या खोलीचं दार बंद आहे. आता जाऊन काय सांगू तिला, की मी एक चित्र काढलंय?

१३ जुलै, संध्याकाळ

प्रणोती खाली आली. डोळे सुजलेले. मला मागून धरून उभी राहिली, मी भांडी विसळत होते.

म्हणाली, “पहिल्याच ताटावरून समजलं होतं ना मला. बाबांना मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत नाही, दर रविवारी मीच वाचून दाखवते त्यांना. दुबेजींना लय हसतात ते.”

मी नळ बंद केला.

“आणि जागा मंगळवारीच पक्की केली आम्ही, ओमतीत जाऊन. तुला सांगायलाच येऊन राहिली होती मी, तर बाबा म्हणाले – आईला घाई नको करू. तिचा रविवार येऊ दे.”